गरोदरपणात आणि बाळंतपणात घर धूरमुक्त कसे ठेवावे

घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर गरोदर बाईला दुसऱ्या खोलीत बसवून भागत नाही. दाराच्या फटीतून धूर तिच्यापर्यंत येतोच. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तातल्या ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे बाळाला ऑक्सिजन कमी पडतो. निकोटिनही वारेतून बाळापर्यंत जाते. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा २.५ किलोपेक्षा कमी वजनाचे होण्याची शक्यता वाढते. जन्मानंतर न्यूमोनिया, कानाचा संसर्ग, दमा आणि झोपेत अचानक मृत्यू यांचाही धोका असतो. म्हणून दिवस गेल्याचे कळताच कामाला लागा, बाळंतपणाची वाट पाहू नका.

पहिली पायरी: उंबऱ्याच्या आत कोणीही ओढायचे नाही. संडास, गॅलरी, गाडी यांनाही हाच नियम, आणि पाहुण्यांनाही. खिडकी उघडून किंवा पंखा, प्युरिफायर लावून धोका जात नाही. हे सांगण्याचे ओझे गरोदर बाईवर टाकू नका. सुनेला सासऱ्यांना विडी विझवायला सांगणे अवघड जाते. ते नवऱ्याने किंवा सासूबाईंनी सांगावे. शक्य असेल तर ओढणाऱ्यालाच तपासणीला सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले जास्त मनावर घेतले जाते.

दुसरी पायरी, सोडणे. हाच खरा उपाय. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर मोफत समुपदेशन मिळते. पहिला आठवडा सर्वांत कठीण, पण एकेक तलफ साधारण ५ ते १० मिनिटांत ओसरते. तलफ भागवण्यासाठी चघळायचे २ मिलिग्रॅमचे निकोटिन गम वापरताना एक चूक हमखास होते: पानासारखे भराभर चघळणे. मग निकोटिन थुंकीबरोबर पोटात जाते, मळमळ-उचक्या सुरू होतात आणि माणूस 'याने काही होत नाही' म्हणून सोडून देतो. झणझणीत चव येईपर्यंत हळू चघळा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा. चव गेली की पुन्हा चघळा. असे सुमारे अर्धा तास. आधी १५ मिनिटे चहा-कॉफी नको. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गम घेऊ नये. मशेरीतही निकोटिन असतेच, तीही या दिवसांत बंद करावी.

सुटेपर्यंत ओढायचे ते घरापासून लांब. आल्यावर हात-तोंड धुवा, शर्ट बदला आणि निदान अर्धा तास बाळाला उचलू नका. ओढणाऱ्याने बाळाच्या अंथरुणात झोपू नये, मग बाहेर ओढून आला असला तरी. गादी, पडदे, गोधड्यांत धुराचा अंश बसतो. आठव्या महिन्यातच धुण्यासारखे सगळे धुऊन घ्या, भिंती-फरशी साबणाच्या पाण्याने पुसा.

आता बाळंतिणीच्या खोलीकडे वळू. बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवून दार-खिडक्या लावून घेणे जिवावर बेतू शकते. तोच कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत साचतो. त्याला ना वास, ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून बाळंतिणीला द्या. बाळाला ऊब आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून द्यावी. ओवा-वावडिंगाची धुरी बाळाला देऊ नये, धूर औषधी वनस्पतीचा असला तरी धूरच. डासांसाठी कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. चुलीवर स्वयंपाक होत असेल तर बाळाला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसू नका.

घरात धूर झाला तरी अंगावर पाजणे थांबवू नका, आईचे दूध संसर्गापासून जपते. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तितकेच भरले, श्वास घेताना छाती खोल आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ अंगावर पीत नसेल, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठा.