कॉपी-पेस्ट केल्यावर चालेल असा नमुना कोड कसा लिहावा

डॉक्युमेंटेशन उघडणारा प्रोग्रॅमर आधी कोड शोधतो, मजकूर अडल्यावर वाचतो. म्हणून अट एकच ठेवा: रिकाम्या फोल्डरमध्ये जसाच्या तसा पेस्ट केला तरी नमुना चालला पाहिजे.

सगळ्यात जास्त छळतात गाळलेल्या इम्पोर्टच्या, म्हणजे लागणारं मॉड्यूल कोडमध्ये आणणाऱ्या ओळी. पायथनमधलं डेटटाइम घ्या. नमुन्यात नुसतं 'डेटटाइम डॉट नाऊ' असतं. वाचक साहजिकच वर 'इम्पोर्ट डेटटाइम' लिहितो आणि ॲट्रिब्यूट एरर येते, कारण मॉड्यूल आणि त्यातला क्लास, दोघांचं नाव एकच आहे. हवं होतं 'फ्रॉम डेटटाइम इम्पोर्ट डेटटाइम'. लिहिणाऱ्याने एक ओळ वाचवली, ती शोधायला वाचकाचा अर्धा तास गेला. इम्पोर्ट कधीही गाळू नका. भाषेची आणि पॅकेजची आवृत्तीही नमुन्याच्या वरच लिहा, दुसऱ्या पानावर नको.

टर्मिनलच्या आज्ञांपुढे प्रॉम्प्टचं, म्हणजे टर्मिनल ओळीच्या सुरुवातीला स्वतः दाखवतं ते चिन्ह देऊ नका. डॉलर कॉपी झाला तर निदान 'कमांड नॉट फाउंड' असं तरी दिसतं. रूटचा (सर्वाधिकारी युजरचा) प्रॉम्प्ट म्हणून हॅश दिलात तर बॅश हा शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, ती अख्खी ओळ कमेंट समजतो: काहीच चालत नाही आणि एररही येत नाही. आउटपुट वेगळ्या चौकटीत दाखवा.

वाचकाने भरायच्या जागा टोकदार कंसात लिहायची सवय सोडा. शेलमध्ये उघडणारा कंस म्हणजे इनपुटचं रीडायरेक्शन, म्हणजे इनपुट फाइलमधून घेण्याची सूचना. कंस तसाच राहिला की शेल त्या नावाची फाइल शोधतो आणि 'नो सच फाइल' म्हणतो; कंस ओळीच्या शेवटी असेल तर सिंटॅक्स एरर देतो. मोठ्या अक्षरांत अंडरस्कोर घालून नाव द्या, आणि ती किंमत कुठे मिळेल हे लगेच खाली सांगा. डोमेन मनाने रचू नका, ते खरोखर कुणाचं तरी असू शकतं. एक्झाम्पल डॉट कॉम 1999 च्या आरएफसी 2606 या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने याचसाठी राखून ठेवलं आहे.

वर्ड प्रोसेसरमध्ये कोड लिहिला तर सरळ अवतरणचिन्हं वळलेली होतात आणि पायथन सिंटॅक्स एरर देतो. कोड नेहमी कोड एडिटरमध्येच लिहा.

'समजायला सोपं' म्हणून असुरक्षित कोड देणं मात्र अक्षम्य आहे. स्ट्रिंग जोडून केलेली एसक्यूएल क्वेरी नमुन्यातून थेट प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिममध्ये) जाते आणि इंजेक्शनला, म्हणजे इनपुटमधून क्वेरीत परका कोड घुसवण्याला दार उघडं राहतं. पॅरामीटर वापरलेली, म्हणजे किंमती वेगळ्या पाठवणारी क्वेरी काही फार लांब होत नाही. तसंच वेबवर विनंत्या पाठवणारी पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी स्वतःहून टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा) लावत नाही, तो नमुन्यात लिहा.

आता तपासणी. कोड पानात हाताने चिकटवू नका. तो वेगळ्या फाइलीत ठेवा, तिच्यावर टेस्ट चालवा आणि पानात तिथूनच ओढा; स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन बनवण्याच्या साधनात त्यासाठी लिटरलइन्क्लूड आहे. पायथनचं डॉकटेस्ट दाखवलेलं आउटपुट ताडून पाहतं. रस्ट भाषेत 'कार्गो टेस्ट' ही आज्ञा लायब्ररीच्या डॉक कमेंटमधला (डॉक्युमेंटेशनसाठीच्या कमेंटमधला) कोड चालवते. पण 'इग्नोर' लावलेला तुकडा ती सोडून देते, तेव्हा ते तुकडे अधूनमधून शोधून काढा. गो भाषेत एक्झाम्पल फंक्शनच्या शेवटी 'आउटपुट' ही कमेंट हवी, नाहीतर उदाहरण फक्त कंपाइल होतं, चालत नाही. या सगळ्या टेस्ट प्रत्येक रिलीजआधी कोऱ्या कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या वातावरणात चालवा. स्वतःच्या मशीनवर आधीच इन्स्टॉल असलेली पॅकेजेस नमुन्यातली उणीव झाकून टाकतात.