कूलर उघडण्याआधी: शॉक न बसता काम कसं करावं

सोलापुरात मार्च उजाडला की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. बोअरच्या पाण्याने गवतावर पांढरा थर चढलेला असतो, पंप जाम झालेला असतो आणि घरातलं कुणीतरी पक्कड-पाना घेऊन बसतं. वायरमनला बोलवा, असं मी म्हणणार नाही. गवत बदलणं, पंप साफ करणं ही कामं घरी होऊ शकतात. फक्त 'बंद केलंय' या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, स्वतःच्याही नाही.

वायरिंगच्या कामात मला जे शॉक बसले, त्यातले बहुतेक बंद केलेल्या वस्तूंचे आहेत. चालू वस्तूला माणूस जपून हात लावतो. सगळ्यात वाईट शॉक असाच एका पत्र्याच्या कूलरने दिला. बोर्डावरचं बटण मी स्वतः बंद केलं होतं, पंखा थांबलेला डोळ्यांनी पाहिला होता. डावा हात पत्र्यावर टेकवला, उजव्या हाताने पंपाचा जॉइंट सोडायला गेलो आणि चिकटलो. ओरडायचं होतं, पण आवाज फुटेना. तोल जाऊन मागे पडलो म्हणून हात सुटला. घरातल्या अक्का पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. मी म्हटलं, अक्का, आधी पिन काढा. नंतर बोर्ड उघडला, तर बटण न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरवर जोडलेलं. बटण बंद झालं की पंखा थांबायचा, पण फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, कूलरपर्यंत जिवंतच असायची.

म्हणून पहिलं काम, थ्री-पिन टॉप (प्लग) सॉकेटमधून बाहेर काढा आणि आपल्या नजरेसमोर ठेवा. बटण बंद करणं आणि पिन काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिनच नाही, नुसत्या वायरी सॉकेटमध्ये खुपसून वर आगकाड्या ठोकल्या आहेत, असं दिसलं तर कूलरचं काम बाजूला ठेवा आणि आधी टॉप बसवून घ्या. टॉपमधली वरची पिन जाड आणि लांब असते ती अर्थिंगची. आत जाताना ती सगळ्यात आधी टेकते आणि निघताना सगळ्यात शेवटी सुटते. आगकाडीवाल्या जोडणीत नेमकी तीच नसते.

पंखा, ट्यूब, बोर्ड अशा पिन नसलेल्या कामाला एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारं मेनजवळचं बटण, पाडा. जुन्या घरात किटकॅट फ्यूज असेल तर तो उपसून खिशात घाला. मुख्य बटण पाडून शिडीवर चढलेल्या माणसाला खालून कुणीतरी 'लाइट कशी गेली?' म्हणत बटण वर केल्याचं मी पाहिलं आहे. फ्यूज खिशात असला तर ही भानगड होत नाही. एमसीबी असेल तर त्यावर चिकटपट्टी लावा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

इन्व्हर्टर असेल तर जास्त सावध राहा. मेन पाडल्यावर त्याला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानदारीने बॅटरीवरून त्याच वायरीत 230 व्होल्ट सोडतो. नुसतं इन्व्हर्टरचं बटण बंद केलं तर बहुतेक घरांत मेनची वीज त्याच्यातून पुढे जातच राहते. दोन्ही बंद करा.

आता तपासणी. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतो का ते बघा, मग कामाच्या जागी लावा, मग पुन्हा चालू सॉकेटमध्ये. खराब टेस्टरही न पेटताच 'सप्लाय नाही' सांगतो, म्हणून ही तीन वेळची कसरत. भर उन्हात त्याचा दिवा दिसत नाही, हाताने आडोसा करा. कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभे असाल तर तो मंद पेटू शकतो. मल्टिमीटर असेल तर उत्तमच. उलट्या हाताने हळूच शिवून बघणारे जुने लोक आहेत. झटका बसला तर बोटं आखडून हात मागे येतो, असा त्यांचा हिशोब. तो हिशोब एकदाच चुकायचा असतो.

हा हिशोब आकड्यांत मांडतो. एक मिलिअँपिअर (अँपिअरचा हजारावा भाग) करंटला मुंग्या येतात. दहाच्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली वायर सोडवत नाही. 'चिकटला' म्हणतात ते हेच. तीसच्या पुढे श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. पन्नास ते शंभरात हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहू शकतं. कोरडी कातडी बराच विरोध करते, पण घामाने किंवा पाण्याने भिजलेल्या अंगाचा रोध साधारण हजार ओहमपर्यंत उतरतो. 230 व्होल्टला हजाराने भागा, 0.23 अँपिअर, म्हणजे 230 मिलिअँपिअर होतात. एमसीबी 6 किंवा 16 अँपिअरचा असतो, म्हणजे एवढ्याने तो हलणारही नाही. तो वायरी जळू नयेत म्हणून बसवलेला असतो, माणसासाठी नाही.

माणसासाठी आरसीसीबी असतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही की हा तीस मिलिअँपिअरच्या आत पडतो. नवीन वायरिंग करताना चार पैसे वाचवायचे असतील तर फॅन्सी स्विचवर वाचवा, यावर नको. महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्टचं बटण दाबा. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर त्यालाही काही कळत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तुम्ही एक बल्ब असता.

काम करताना हात-पाय कोरडे हवेत, चप्पल रबरी, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवलेलं. शक्य तिथे एकाच हाताने काम करा आणि दुसरा पत्र्याला टेकवू नका. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा करंट छातीतून जातो. मोटारीच्या कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या डबीची) वायर तुटलेली असेल तर सप्लाय काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. होल्डरमधल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी कपॅसिटरच्या दोन टोकांना लावून तो चार्ज उतरवा. मायक्रोवेव्ह घरी उघडू नका. मागांच्या कारखान्यातल्या थ्री-फेजलाही हात नको, तिथे दोन फेजमध्ये चारशेच्या वर व्होल्ट असतात.

गवत-पंप झाला, की पाणी भरताना पिन काढलेलीच असू द्या, आणि पंप चालतो का हे बोट घालून बघू नका. कूलर चालू असताना टाकीत बादली ओतणं ही आपल्याकडची सर्रास सवय. पत्र्याला जरासा करंट जाणवला, तर 'झिणझिण्या येतात एवढंच' म्हणून खाली लाकडी पाट सारू नका. अर्थिंग तुटलं आहे आणि आत कुठेतरी वायर सोलली आहे, असा त्याचा अर्थ. मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा असेल तर मे महिन्यात त्यात पाणी घाला, कोरड्या मुरमात अर्थिंग नुसतं नावाला उरतं. पाण्याची ओढ असलेल्या गावात हे सांगायला जीभ रेटत नाही, पण भाजी धुतलेलं पाणी चालतं.

आणि पाण्याचा दिवस. काही दिवसांआड नळ येतो, त्यामुळे 'पाणी सुटलं' अशी हाक आली की अण्णा ओल्या पायांनी मोटार ओढतात आणि जॉइंटवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वायर अंगणातून नेतात. नळाला थेट मोटार लावणं नियमात बसत नाहीच. हौदावरची मोटार असली तरी वायर अखंड हवी, बटण कोरड्या जागी उंचावर हवं, आणि मोटारीत पाणी भरायचं, तिला हलवायचं ते पिन काढूनच.

कुणी चिकटलाच तर त्याला ओढायला धावू नका, दोघे चिकटाल. आधी मेन पाडा. तेवढा अवधी नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने वायर बाजूला सारा. रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेला हा उपाय नाही. तिथून लांब राहा, इतरांनाही थांबवा आणि महावितरणला 1912 वर फोन करा.

सुटल्यावर माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर 108 ला फोन लावायला एकाला सांगा आणि दुसऱ्याने छाती दाबायला घ्या: छातीच्या मधोमध, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मदत येईपर्यंत. तळवे चोळण्यात, तोंडावर पाणी मारण्यात वेळ घालवू नका. उठून बसला, चहा प्यायला, तरी त्याला दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा. वरून बारीक दिसणारा डाग आत खोलवर भाजलेला असू शकतो. करंट कुठून शिरला, कुठून निघाला आणि माणूस किती वेळ चिकटला होता, हे डॉक्टरांना आठवून सांगा.