हेअर ट्रान्सप्लांटनंतरची लाली: आधी खपल्या नीट काढा, मलमांचं मग बघू

माझ्या डोक्यावर हेअर ट्रान्सप्लांटची शस्त्रक्रिया दोनदा झाली आहे. धाकट्या भावाची एकदा, ऑफिसातल्या तिघांची एकेकदा, आणि या चौघांची डोकी सुरुवातीला मीच धुऊन दिली, कारण स्वतःच्या ग्राफ्टना, म्हणजे मुळासकट लावलेल्या केसांच्या बारीक पुंजक्यांना, हात लावायची कुणाची हिंमत होत नव्हती. एवढ्या डोक्यांवरून माझं ठाम मत झालंय: लाली रेंगाळते ती बहुतेक वेळा पाण्याच्या भीतीने. आणि मग लोक मलमं शोधत बसतात.

मुळात डोकं लाल होणारच. एफयूई पद्धतीत, म्हणजे एकेक ग्राफ्ट सुटा काढतात त्या पद्धतीत, डोक्यामागचे ग्राफ्ट साधारण 0.8 ते 1 मिलिमीटरच्या पंचने (पोकळ गोल पात्याने) काढतात आणि पुढे तशाच बारीक चिरा देऊन बसवतात. दोन हजार ग्राफ्ट म्हणजे मागे दोन हजार आणि पुढे दोन हजार जखमा. त्या भरायला तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात, रक्त वाढतं, म्हणून त्वचा लाल दिसते. मागची लाली लवकर जाते. पुढची दोन ते चार आठवडे राहते, गोऱ्या किंवा नाजूक त्वचेवर दोन-तीन महिनेही. सावळ्या त्वचेवर लाल कमी आणि तपकिरी जास्त दिसतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

पहिले चार-पाच दिवस

डोकं उंचावर ठेवून झोपा, सलाइनचा स्प्रे सांगितला तसा मारा, गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा. सिगारेट, दारू, व्यायाम बंद. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांपर्यंत उतरली तर घाबरू नका, ती जाते. बर्फ कापडात गुंडाळून फक्त कपाळावर लावा, ग्राफ्टवर चुकूनही नाही. झालं.

खपल्या: सगळी गंमत इथेच आहे

पहिल्या वेळी मला मिळालेल्या सूचनांच्या कागदावर एकच ओळ होती, ‘दहाव्या दिवसापर्यंत खपल्या स्वच्छ कराव्यात.’ कशा, ते नव्हतं. मी रोज दोन मग पाणी लांबूनच ओतायचो आणि बाथरूममधून पळायचो. अठराव्या दिवशी डोक्यावर वाळलेल्या चिखलासारखा जाड पापुद्रा होता आणि त्याला वास येत होता. शेवटी क्लिनिकमध्ये अर्धा तास ओल्या गॉजखाली बसवून तो काढला. खालची त्वचा ओलसर आणि गडद लाल होती. ती लाली जायला मला तीन महिने लागले. दुसऱ्या वेळी, त्याच डोक्यावर आणि त्याच त्वचेवर, बाराव्या दिवशी खपल्या संपल्या आणि पाचव्या आठवड्यात जवळून पाहिल्याशिवाय काही कळत नव्हतं. खपली फार दिवस चिकटून राहिली की तिच्याखाली ओल आणि जंतू साठतात, त्वचा चिडलेलीच राहते. वर कितीही महागडं मलम लावा, ते खपलीवर बसतं.

भीती असते ती ग्राफ्ट उपटला जाण्याची. ती पहिल्या दिवसांत रास्तच आहे. रॉबर्ट बर्नस्टीन आणि विल्यम रासमन या दोन सर्जननी 2006 साली याच प्रश्नावर अभ्यास प्रसिद्ध केला. पहिले दोन दिवस नुसता केस ओढला तरी ग्राफ्ट निघत होता. चिकटलेली खपली ओढली तर पाचव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट जात होता. नवव्या दिवसानंतर मात्र तो निखळण्याचा धोका उरला नव्हता. म्हणजे नवव्या दिवसाआधी नख लावणारा मूर्ख, आणि त्यानंतरही हात न लावणारा, माफ करा, माझ्यासारखा.

आता पद्धत. तुमच्या सर्जनने वेगळे दिवस सांगितले असतील तर ते पाळा, क्रम हाच राहू दे.

साधारण तिसऱ्या दिवसापासून रोज एकदा: सौम्य शाम्पूचा फेस तळहातावर करा आणि ग्राफ्टवर नुसता टेकवा. चोळायचं नाही. दोन-तीन मिनिटांनी कोमट पाणी मगाने अलगद सोडा. शॉवरची धार सरळ डोक्यावर नको. टॉवेलने पुसू नका, आपोआप वाळू द्या.

नवव्या दिवसापासून भिजवणं सुरू करा, आणि इथे घाई केली तर सगळं बिघडतं. सलाइनमध्ये भिजवलेला गॉज किंवा क्लिनिकने दिलेलं लोशन वीस ते तीस मिनिटं ठेवा. पाच मिनिटांत काही होत नाही. घड्याळ लावा. कोरडी खपली गडद तपकिरी आणि कडक असते. नीट भिजली की ती फिकी पडते आणि पाण्यात राहिलेल्या पुठ्ठ्यासारखी फुगते. तो रंग दिसेपर्यंत हात लावायचा नाही.

मग बोटाच्या मऊ भागाने, नखाने नाही, छोटे गोल फिरवा. किती जोर? डोळा मिटून पापणीवर बोट फिरवताना लावाल तेवढा. एका जागी दहा सेकंद, मग पुढे. जी खपली आज निघत नाही ती उद्या निघेल, तिच्याशी भांडू नका. ऑफिसातल्या एकाने एकाच बैठकीत सगळं साफ करायचं ठरवलं, पुढची रेघ रक्ताळून घेतली आणि लाली आणखी दोन आठवडे वाढवून घेतली. रक्त दिसलं तर तिथेच थांबा, जागा स्वच्छ गॉजने हलकेच दाबा आणि क्लिनिकला फोन करा.

खपलीबरोबर छोटा केस येईल, टोकाला बारीक पांढरी गाठही दिसेल. माझा भाऊ ती चिमटीत धरून पंधरा मिनिटं रडवेला बसला होता. नवव्या दिवसानंतर, रक्त न येता निघालेला असा केस म्हणजे नुसती काडी. मूळ आतच आहे.

तीन-चार दिवसांत डोकं स्वच्छ होतं. चौदाव्या दिवशीही जाड खपल्या असतील तर घरचे प्रयोग थांबवा आणि जिथे शस्त्रक्रिया केली तिथे जा.

स्वच्छ झाल्यावर हात मागे घ्या

लाल जागेवर बोट दोन सेकंद दाबून सोडा. क्षणभर फिकी पडली तर ते रक्त आहे, वेळेनुसार जाईल. दाबूनही तपकिरी छटा तशीच राहिली तर तो रंगद्रव्याचा डाग आहे. तो ऊन लागलं की गडद होतो आणि जायला महिने घेतो. दोन्हींवर पहिला उपाय सावलीच. सुरुवातीला सैल टोपी, आणि त्वचा पूर्ण भरल्यावर, साधारण महिन्याने, झिंक ऑक्साइडचं एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन. ताज्या जखमांवर सनस्क्रीन फासू नका.

रोज आरशात बघून काही कळत नाही. गरम पाणी, जिना, चिडचिड, कशानेही लाली तासभर वाढते. चार दिवसांतून एकदा त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला फोटो काढा आणि तेच ताडून पाहा.

मलमांबद्दल: 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड मलम डॉक्टरांनी सांगितलं तर, सांगितलेले दिवसच. कपाटात पडलेली क्लोबेटासोल या तीव्र स्टेरॉइडची किंवा ‘सगळ्यावर चालतं’ म्हणून मिळणारी मिश्र ट्यूब अजिबात नाही. तीव्र स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत उतरते, म्हणून माणूस फसतो. आठवडेच्या आठवडे लावलं की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि बंद केलं की लाली पुरळ घेऊन परत येते. लिंबू, व्हिनेगर, टी ट्री ऑइल असले सल्ले देणाऱ्यांना आधी स्वतःच्या खरचटलेल्या गुडघ्यावर लावायला सांगा. कोरफडीचा साधा जेल खपल्या गेल्यावर चालतो, पण ताज्या पानातून निघणारा पिवळा चीक त्वचेला झोंबतो, तो नको. मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध पुन्हा सुरू केल्यावर आग होऊन लाली वाढली तर त्या द्रावणातलं प्रोपिलीन ग्लायकॉल हे कारण असू शकतं. फोममध्ये ते सहसा नसतं, डॉक्टरांना विचारा.

थांबू नका अशी लक्षणं

चार-पाच दिवसांनंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, लाली पसरत जाणं, जागा गरम लागणं, पू, ताप. आणि ग्राफ्टच्या भागात राखाडी किंवा काळपट चट्टा दिसला तर त्याच दिवशी, उद्या नाही. एखाद-दुसरी पुळी सर्रास येते, कोमट शेक द्या आणि फोडू नका. खूप आल्या तर दाखवा. तीन-चार महिन्यांनीही लाली तशीच असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. फुगलेल्या रक्तवाहिन्यांवर चालणारा पल्स्ड डाय लेझर असतो, पण तो लागतो की नाही ते त्यांना ठरवू द्या.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान लावलेले बरेचसे केस गळतात, आणि नेमकी तेव्हा लाली वाढल्यासारखी वाटते. ती वाढलेली नसते, तिला झाकणारे केस गेलेले असतात. बोट दाबून बघा, फोटो ताडून बघा, आणि ट्यूब कपाटातच राहू दे. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोकावायला लागतात.