जुनं मोटरहोम दुरुस्त करायचंय? आधी ओल शोधा

जुनं मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, हातात आलं की लोक पहिल्यांदा बॉनेट उघडतात. मी आतल्या कोपऱ्यातल्या कपाटाचं दार उघडते, डोकं आत घालते आणि वास घेते. इंजिन बिघडलं तर मेकॅनिक मिळतो, सुटे भाग मिळतात, फार तर खिसा हलका होतो. भिंतीतली लाकडी चौकट कुजली तर मात्र गाडी उभ्या उभ्या संपते, आणि बाहेरून चकचकीतच दिसत राहते. म्हणून माझ्या कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी पाणी, मग तारा आणि गॅस, मग चाकं आणि इंजिन. गाद्या, पडदे, रंग सगळ्यात शेवटी. जुन्या गाडीत आतून ताजा रंग मारलेला दिसला की मला विकणाऱ्याचा संशयच येतो.

बहुतेक जुन्या गाड्यांच्या भिंती थरांच्या असतात. बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पातळ पत्रा, मधे लाकडी पट्ट्यांची चौकट आणि तिच्यात थर्माकोल, आतून पातळ प्लाय. दोन भिंती जिथे मिळतात तिथे ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने आवळलेली असते आणि तिच्याखाली सीलंट, म्हणजे फटीतून पाणी शिरू नये म्हणून लावलेला चिकट लेप. गाडी धावताना ही सगळी पेटी पिळवटते, उन्हात फुगते, थंडीत आकसते. काही वर्षांनी सीलंट सुकून कडक होतो, त्याला भेगा पडतात आणि स्क्रूच्या भोकातून पाणी थेट लाकडात उतरतं. छतावरची खिडकी, ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला भाग, उंचावरचे छोटे दिवे, ऑनिंगची (दाराबाहेर ताणायच्या कापडी छपराची) पट्टी ही नेहमीची संशयित मंडळी.

शोधायला महागडं काही लागत नाही. कुबट वास आला तर निम्मं काम झालं. मग अंगठ्याने भिंत दाबत फिरा, विशेषतः खालचे कोपरे आणि खिडक्यांच्या खालची जागा. प्लाय दबला, कागद सुरकुतलेला दिसला, पिवळट डाग दिसला की खूण करा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकलं तर चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा बद्द. ओल मोजायचं दोन टाचण्यांचं मीटर असेल तर उत्तमच. साधारण १५ टक्क्यांपर्यंत मी निश्चिंत असते, २० च्या वर गेलं की शोध सुरू करते, आणि ३० च्या वर असेल तर आत लाकूड गेलंय असं धरूनच चालते. आकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखेसकट लिहून ठेवा आणि दरवर्षी त्याच जागी मोजा. एकट्या आकड्यापेक्षा तो वाढतोय की नाही हे जास्त बोलतं. कोरड्या मोसमात कुजलेलं लाकूडही मीटरवर निष्पाप दिसतं, म्हणून ठोकून बघणं सोडू नका.

डाग जिथे दिसतो तिथूनच पाणी आत आलंय असं समजू नका. ते चौकटीच्या पट्टीवरून वाट काढत पार दुसऱ्या टोकाला जाऊन झिरपतं. आम्ही दोघं मिळून शोधतो: नवरा आत टॉर्च घेऊन, मी बाहेर पाण्याचा पाइप घेऊन. पाणी जोराचं नको, नुसतं वाहतं हवं. खालून सुरुवात करायची, एका सांध्यावर दहा-पंधरा मिनिटं धार धरायची, मग वरच्या सांध्यावर जायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्याच सांध्यांवरून जातो आणि दोष कुणाचा ते कळत नाही. प्रेशर वॉशर मात्र सांध्याच्या जवळपासही आणू नका. धड सांध्यातूनही तो पाणी आत ढकलतो.

आता सीलंट. सिलिकॉनची नळी दुकानात समोरच टांगलेली असते, स्वस्त असते आणि लावायला सोपी असते, तरीही घेऊ नका. पुढच्या वेळी त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही, सिलिकॉनसुद्धा नाही, आणि त्याचा पातळ थर खरवडून काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. जुन्या भेगांवर वरून नवा थर फासणं तर त्याहून वाईट, कारण आत शिरलेलं पाणी तिथेच कोंडतं.

नीट करायचं तर पट्टी काढावी लागते. स्क्रू गंजलेले असतील, हाताने हळूहळू फिरवा, मशीन लावलं की डोकी तुटतात. जुना सीलंट प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जवळ ॲक्रिलिकची खिडकी असेल तर ती आधी झाकून घ्या. ॲक्रिलिकला अल्कोहोल किंवा ॲसिटोन लागलं की त्यात बारीक तडे उमटतात आणि ते कधीच जात नाहीत. (त्याच कारणाने काच पुसायचा स्प्रेही या खिडक्यांना चालत नाही. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे.) पट्टीखाली ब्यूटाइलची (मऊ, चिकट रबरासारखी) टेप लावा. ती कधीच पूर्ण कडक होत नाही, म्हणून गाडी पिळवटली तरी सांधा सुटत नाही. नवे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, आणि भोकं ढिली झाली असतील तर थोडे जाड. स्क्रू एकदम आवळू नका; एका टोकाकडून दुसऱ्याकडे जात थोडे थोडे आवळा, टेप बाहेर डोकावेल इतके. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फेरी मारा, मग बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या खरवडणीने कापून टाका. छताच्या सपाट भागावर, खिडकीच्या कडांना आणि स्क्रूच्या डोक्यांवर आपोआप पसरणारा छताचा सीलंट लावा. छत रबराचं असेल तर पेट्रोलियम असलेलं कुठलंही रसायन त्याला लावू नका, रबर फुगतं. छतावर चढताना फळी टाका आणि वजन तिच्यावर ठेवा.

लाकूड कुजलंच असेल तर आतून उघडायचं. प्लाय कापा आणि कुजकं लाकूड काढा. डागाच्या कडेपाशी थांबू नका, टणक कोरडं लाकूड लागेपर्यंत पुढे जा. मग वाळू द्या. हेच कुणाला जमत नाही. ओल शोषणारं यंत्र लावून, दारं उघडी टाकून काही आठवडे घालवावे लागतात, आणि तेवढ्यात घरातले "झालं का?" विचारून हैराण करतात. मीटर शांत होईपर्यंत बंद करायचं नाही. नवी पट्टी जुन्या लाकडाला तिरक्या कापाने जोडा, जेणेकरून गोंदाला जागा जास्त मिळते. थर्माकोलजवळ कुठलाही गोंद वापरण्यापूर्वी डब्यावरचं वाचा: दारांच्या लॅमिनेटला लावतात तो वासाचा गोंद थर्माकोल विरघळवून टाकतो. पॉलियुरेथेनचा गोंद चालतो. कुजक्या लाकडावर नुसतं कडक करणारं रसायन ओतून वर प्लाय ठोकणारेही भेटतात. अशी भिंत पुढच्या मालकाला विकायला बरी, राहायला नाही.

तारांचं मी थोडक्यात सांगते, कारण माझं आयुष्यच तारा जोडण्यात गेलं आणि सुरू झाले की थांबत नाही. पंप मंद, दिवे मिणमिणे, पंखा कधी चालतो कधी नाही, अशा वेळी नवं उपकरण घेण्याआधी अर्थिंग, म्हणजे निगेटिव्हची परतीची वाट, तपासा. पंप चालू ठेवा, व्होल्ट मोजायच्या मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी पंपाच्या निगेटिव्हला लावा. पाव व्होल्टाहून जास्त दिसलं तर त्या वाटेवर कुठेतरी गंज आहे. जोड सोडवा, सँडपेपरने घासा, घट्ट बसवा. फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज टाकायचा विचारही करू नका. फ्यूज तार वाचवायला असतो आणि तार तुमच्या अंथरुणाखालून गेलेली असते. लेड-ॲसिड बॅटरी काही तास विनाभार (काहीही चालू न ठेवता) ठेवून मोजा: १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि त्याखाली वारंवार गेली की आयुष्य झपाट्याने घटतं. जुन्या चार्जरवर थेट लिथियमची बॅटरी जोडू नका, चार्जरही बदलावा लागेल.

गॅसच्या बाबतीत मी भित्री आहे आणि तुम्हीही असा. स्वयंपाकाचा हा गॅस (एलपीजी) हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. त्यासाठीच तळाला भोकं ठेवलेली असतात. थंड वारा येतो किंवा उंदीर शिरतात म्हणून ती बुजवलेली मी पाहिली आहेत. तसं कधीच करू नका. उंदरांसाठी जाळी लावा. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. नळीवर छापलेली तारीख वाचा. रेग्युलेटर दहा वर्षांचा झाला असेल तर तो बदला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर गाडीत झोपू नका. बर्नर उघडणं, हीटर खोलणं हे काम परवानाधारक माणसाचं. गॅसवरचा फ्रिज गाडी कललेली असताना चालवू नका, आणि त्याच्या मागे अमोनियाचा वास किंवा पिवळी भुकटी दिसली तर तो संपला समजा.

टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण या गाड्या उभ्याच जास्त असतात. टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सहा-सात वर्षं झाली की नक्षी कितीही खोल असो, मी बदलते. आतली बाजूही टॉर्च मारून बघा, भेगा तिथेच आधी दिसतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, दोन वर्षांनी बदला. टायमिंग बेल्टला किलोमीटरइतकीच वर्षांचीही मर्यादा असते, आणि कमी चाललेल्या गाडीत वर्षांचीच आधी येते.

पाण्याच्या टाकीपाशी एक कान ठेवा. सगळे नळ बंद असताना पंप मधूनच घुर्र करत असेल तर कुठेतरी थेंब थेंब गळतंय, किंवा पंपाची उलट पाणी अडवणारी झडप बसत नाही. गोठवणाऱ्या थंडीत गाडी उभी करणार असाल तर टाकी, हीटर, नळ्या सगळं रिकामं करा, पंप थोडा वेळ कोरडा चालवून त्यातलंही पाणी बाहेर काढा. नळ नुसते उघडे ठेवून भागत नाही. गरम-थंड एकत्र असलेल्या नळाची दांडी मधोमध ठेवा, नाहीतर एका बाजूचं पाणी आत अडकून नळ फुटतो. आणि शॉवरची नळी हुकवरून काढून खाली सोडा.