गाण्यांवरून पोर्तुगीज स्लँग अन् शब्दांचे खेळ कसे शिकायचे

ॲपवर पोर्तुगीज शिकायलेत अन् गाणं लावलं की काहीच कळंना, असं लई जणांचं होतंय. आता आपण लातूर-नांदेडकडं तरी कुठं 'करत आहे' म्हणतो, 'करायलोय'च म्हणतो की. ब्राझीलवाले पण 'एस्ता'चं 'ता' करतेत, 'पारा'चं 'प्रा', 'वोसे'चं नुसतं 'से', अन् वाक्याच्या शेवटी आपल्या 'ना'सारखं 'ने' लावतेत. आधी हे खाल्लेले शब्द ओळखायचे, स्लँग नंतर.

सुरुवातीला सेर्तानेजू घ्या, म्हंजे तिकडचं गावाकडचं गाणं, रिओचं फंक आत्ताच नको, डोकं उठंल. युट्यूबवर स्पीड पाऊणपट करा, लिरिक्स न बघता एकच कडवं जसं ऐकू येईल तसं देवनागरीत वहीत उतरवा, मग लिरिक्स शेजारी ठेवून जिथं जुळंना तिथं गोल करा, बहुतेक स्लँग त्या गोलातच सापडतंय.

कोशातला अर्थ गाण्यात बसंना की थांबायचं. मिशेल तेलोचं २०११ चं 'आय से एउ ते पेगु' घ्या, कोशात 'पेगार' म्हंजे पकडणं, पण हितं पोरगी पटवायची गोष्ट चालूय. 'कारा' म्हंजे चेहरा, पण बोलण्यात 'गड्या'. 'गाता' म्हंजे मांजर, पण गाण्यात बहुतेक वेळा देखणी पोरगी. 'पागार मिकु', शब्दशः माकडाचे पैसे भरणं, म्हंजे चारचौघांत स्वतःचं हसं करून घेणं (आपला पगार ह्याच 'पागार'वरून आलाय बरं का).

शब्दांच्या खेळाला मात्र कानच लागतो. ब्राझीलचे गायक-गीतकार शिकु बुआर्की अन् जिल्बेर्तु जिल यांनी १९७३ ला तिथल्या लष्करी राजवटीत 'कालिसी' हे गाणं लिहिलं. कालिसी म्हंजे प्याला, येशूच्या प्रार्थनेतला, हा प्याला माझ्यापासून दूर कर म्हणणारा. पण 'गप बस'ला पण उच्चार तोच, 'कालि-सी'. पैठणच्या नाथांच्या भारुडातला विंचू जसा नुसता विंचू नसतो, तसंच हे. सेन्सॉरला कळलंच, गाणं अडवलं, रेकॉर्ड निघाली १९७८ ला. असं गाणं कागदावर वाचलं तर निम्मंच कळतंय, कारण कागदावर दोन्हींची स्पेलिंग वेगळी, म्हणून मोठ्यानं म्हणून बघायचं.

अन् गायक ब्राझीलचा का पोर्तुगालचा ते आधी बघा. मस्तला ब्राझीलमधी 'लेगाउ', पोर्तुगालमधी 'फीश'. 'रापारीगा' तर पोर्तुगालमधी साधी पोरगी, ब्राझीलमधी बऱ्याच ठिकाणी शिवी, तवा पोर्तुगालच्या गाण्यातून उचललेला हा शब्द ब्राझीलवाल्यापुढं काढू नका.