रात्रीची धडधड अशी कमी झाली
कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं लेथचं वर्कशॉप आहे. मार्चअखेरीला पेमेंटं अडकली की रात्री आडवं झाल्यावर छाती धडधडायची. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, ताण आहे, आणि श्वास शिकवला: नाकानं ४ आकडे मोजत आत, ६ आकडे मोजत सावकाश बाहेर, ५ मिनिटं. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे (मेंदूपासून हृदयाकडे जाणारी नस) ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. एक हात पोटावर ठेवा. पोट हलत नसेल तर श्वास वरवरच चाललाय. मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. सोबत पहाटे रंकाळ्याला फेरी आणि संध्याकाळचा चहा बंद. आता झोप लागते. एवढ्यानं भागत नसेल तर अंगावर काढू नका, १४४१६ ला फोन लावा. टेली-मानसची ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.