मराठी विकिपीडियावर ओळख न देता लिहायचंय? मग आधी खातं उघडा

एखाद्या लेखात आपल्या गावाचा तालुका चुकलेला दिसतो, धरण भलत्याच नदीवर दाखवलेलं असतं. दुरुस्त करावंसं वाटतं, पण आपलं नाव कुठे यायला नको असतं. अशा वेळी बरेच जण खातं न उघडताच ‘संपादन’वर टिचकी मारतात. खातं नाही म्हणजे ओळख नाही, असं त्यांना वाटतं. विकिपीडियावर मात्र खात्याशिवाय लिहिणाऱ्यापेक्षा टोपणनावानं लिहिणाराच जास्त झाकलेला राहतो.

खातं नसताना काय दिसतं?

कोणत्याही लेखाच्या वर ‘इतिहास पहा’ असतं. तिथे प्रत्येक बदल, त्याची वेळ आणि तो करणाऱ्याचं नाव दिसतं. कित्येक वर्षं, खातं नसलेल्याच्या नावाच्या जागी थेट त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, छापला जायचा. त्यावरून इंटरनेट कंपनी, साधारण शहर आणि ऑफिसातून लिहिलं असेल तर ऑफिसही कळतं. २००७ साली व्हर्जिल ग्रिफिथ यांनी ‘विकिस्कॅनर’ नावाचं साधन काढलं. त्यानं असे पत्ते संस्थांच्या नावांशी जुळवले, आणि कोणत्या कंपनीच्या, कोणत्या सरकारी खात्याच्या जाळ्यातून कुठला मजकूर बदलला गेला ते जगापुढे आलं.

२०२५ पर्यंत बहुतेक विकिपीडियांवर ही पद्धत बदलली. आता खात्याशिवाय लिहिलं की ‘~२०२५-१२३४५-६७’ अशा धाटणीचं तात्पुरतं नाव मिळतं. ते ब्राउझरमध्ये साठवलेल्या ‘कुकी’ नावाच्या छोट्या नोंदीवर चालतं आणि जास्तीत जास्त ९० दिवस टिकतं. आयपी पत्ता सर्वांना दिसत नाही, पण प्रचालकांना (देखरेखीचे जादा अधिकार असलेल्या सदस्यांना) आणि परवानगी असलेल्या अनुभवी सदस्यांना तो पाहता येतो. नोंदणीकृत खात्याचा पत्ता याहून खूप कमी लोकांना दिसतो: ‘चेकयूजर’ हा खात्यामागचा पत्ता तपासण्याचा अधिकार असलेल्या मोजक्यांना, तोही गैरवापराचा संशय असेल तेव्हाच, आणि त्यांनी केव्हा पाहिला याचीही नोंद राहते. बदल होण्याआधीच्या इतिहासात छापलेले जुने पत्ते मात्र अजून तसेच आहेत.

नाव ठरवणं

इथे घाई करू नका. एकदा घेतलेलं नाव मराठीपुरतं राहत नाही. इंग्रजी विकिपीडिया, विक्शनरी हा शब्दकोश, कॉमन्स हा चित्रांचा साठा, विकिडेटा हा माहितीचा साठा, सगळीकडे तेच चालतं. देवनागरीत घेतलं तरी चालतं.

इन्स्टाग्रामवर किंवा ईमेलमध्ये वापरता ते नाव इथे नको. शोधयंत्रात टाकलं की दोन्ही टोकं जुळतात. आडनाव, गाव आणि जन्मसाल जोडून केलेलं नाव तर नकोच, ते टोपणनाव उरतच नाही. संस्थेचं किंवा कंपनीचं नाव नियमात बसत नाही. ‘प्रचालक’सारखं अधिकार सुचवणारं नावही बसत नाही. एखादं झाड, पक्षी, जुनं नाणं असं काही घ्या. साधी नावं आधीच गेलेली असतात, म्हणून दोन शब्द जोडा.

अर्ज भरणं

पानाच्या वरच्या बाजूला खातं तयार करण्याचा दुवा असतो. अर्ज लहान आहे: सदस्यनाव, दोनदा पासवर्ड, ईमेल आणि तुम्ही यंत्र नाही याची छोटी पडताळणी. फोन नंबर मागत नाहीत, खरं नाव द्यायची सक्ती नाही.

ईमेल ऐच्छिक आहे, पण द्या. पासवर्ड विसरलात तर परत मिळवायला तोच मार्ग आहे. त्यासाठी वेगळा पत्ता काढलात तर उत्तम. तुमचा ईमेल पानावर दिसत नाही. पण विकिपीडियातून एखाद्या सदस्याला तुम्ही स्वतः ईमेल पाठवलात, तर तुमचा पत्ता त्याला कळतो. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

‘हा पत्ता रोखलेला आहे’ असा संदेश आला तर गांगरू नका. मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता असंख्य ग्राहकांत वाटतात, आणि दुसऱ्याच्या उपद्व्यापाची शिक्षा तुम्हालाही बसते. घरच्या वायफायवरून खातं उघडून पाहा. व्हीपीएन (आपला आयपी पत्ता झाकणारी सेवा) चालू असेल तर बंद करा. अशा सेवांचे पत्ते सहसा रोखलेलेच असतात.

पहिली टिप्पणी

थेट लेखाला हात लावायचा धीर होत नसेल तर ‘चर्चा’ पानावर लिहा. दोन ओळी पुरतात: कोणतं वाक्य चुकलंय आणि बरोबर माहिती कुठे छापलेली आहे. शेवटी चार वेळा ‘~’ हे चिन्ह टाकलं की जतन करताना तुमचं नाव आणि वेळ आपोआप उमटते.

जतन करण्याआधी वरच्या कोपऱ्यात आपलं सदस्यनाव दिसतंय ना, हे दर वेळी पाहा. मध्येच लॉगआउट झालं असेल तर तीच टिप्पणी तात्पुरत्या नावावर जाते, आणि दोन नावं एकाच माणसाची आहेत हे वाचणाऱ्याला सहज कळतं. चुकून फोन नंबर किंवा पत्ता लिहिला गेलाच, तर नुसता खोडून भागत नाही, जुनी आवृत्ती इतिहासात राहते. ती लपवण्याची विनंती प्रचालकाला ईमेलनं करा. चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, जाहीर विचारलंत तर उलट सगळे तिथेच बघायला जातील.

खरी ओळख फुटते ती लिहिण्याच्या विषयांतून. एकाच सदस्यानं एका छोट्या गावाचा, तिथल्या शाळेचा आणि एका कुळाचा लेख लिहिला, तर गावकऱ्यांना अंदाज बांधायला वेळ लागत नाही. फोटोंचंही तसंच. मोबाइलनं काढलेल्या फोटोत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, आणि कॉमन्सवर चढवलं की ती माहिती चित्राखालीच दिसते. स्वतःच्या अंगणातल्या फुलाचा फोटो चढवण्याआधी ती काढून टाका.

टोपणनाव कुठवर झाकतं

शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून आणि वरिष्ठांपासून झाकतं, कायद्यापासून नाही. २०२४ साली एएनआय या वृत्तसंस्थेच्या बदनामीच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयानं विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनला तीन संपादकांची माहिती द्यायला सांगितलं होतं. म्हणून जिवंत व्यक्तीबद्दल किंवा वादाच्या विषयावर लिहिताना प्रत्येक विधानाला छापील संदर्भ जोडा, टोपणनाव असो वा नसो.

दुसरं खातं काढायला सरसकट बंदी नाही. सायबर कॅफेतून वापरायला वेगळं खातं ठेवणं मान्य आहे. पण दोन खात्यांनी एकाच चर्चेत एकमेकांना दुजोरा देणं ही फसवणूक आहे. ती पकडण्यासाठीच चेकयूजर असतो, आणि मग दोन्ही खाती रोखली जाऊ शकतात.

खातं नको झालं तर ते पुसता येत नाही, कारण प्रत्येक बदल कुणाच्या तरी नावावर असावा लागतो. पण नाव बदलून मागता येतं. विनंती मान्य झाली की जुन्या बदलांच्या इतिहासातही नवं नाव दिसू लागतं. फक्त चर्चेतल्या जुन्या सह्या तशाच राहतात, कारण त्या मजकुराचा भाग असतात.